मुलांची ऑनलाइन थेरपी आणि अभ्यास: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी स्पीच थेरपिस्ट आहे. नाशिकला माझं छोटं केंद्र आहे. मार्च २०२० मध्ये त्याला कुलूप लागलं तेव्हा नाइलाज म्हणून मोबाइलवर सेशन सुरू केली, आणि कुलूप उघडल्यावरही ती बंद झाली नाहीत. सटाण्याहून, सुरगाण्याहून मूल कडेवर घेऊन दोन एसटी बदलून येणाऱ्या आयांनीच ती बंद होऊ दिली नाहीत. पहिल्या फोनवर जे प्रश्न हमखास येतात ते इथे एकत्र लिहिले आहेत. तुमच्या मुलाला पाहिल्याशिवाय त्याच्याबद्दल कुणीच काही ठामपणे सांगू शकत नाही, मीही नाही, एवढं धरून वाचा.

ऑनलाइन थेरपी म्हणजे मूल मोबाइलसमोर बसणार आणि तुम्ही त्याला शिकवणार, असंच ना?

लहान मुलाच्या बाबतीत तरी नाही. मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवून ठेवलेला असतो, आई आणि मूल खाली जमिनीवर असतात आणि माझा आवाज आईच्या एका कानातल्या इयरफोनमध्ये असतो. मुलाशी मी फारशी बोलतच नाही. शिकवते ती आईला.

एक साडेतीन वर्षांचा मुलगा होता. तहान लागली की आईचा हात धरून तिला माठापाशी न्यायचा, ती पेला भरून द्यायची, तो गटागटा पिऊन पळायचा. दिवसातून सात-आठ वेळा हे व्हायचं आणि एकदाही त्याला बोलायची गरज पडायची नाही. मी म्हटलं, पेला भरू नका. घोटभर ओता, त्याच्या डोळ्यांसमोर धरा, ‘पाणी’ म्हणा आणि मनात पाच अंक मोजेपर्यंत गप्प बसा. पहिल्या दिवशी त्याने रिकामा पेला आईच्या पोटात खुपसला. तिसऱ्या आठवड्यात पेला देताना तिच्या तोंडाकडे पाहिलं. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी एकदा ‘पा’ आला. हे माझ्या केंद्रात झालं नसतं, कारण तिथे माठ नव्हता आणि त्याला तहानही लागलेली नसायची.

आठ-दहा वर्षांच्या मुलाचे उच्चार, तोतरेपणा किंवा वाचन यांवर काम असेल तर ते स्वतः स्क्रीनसमोर बसतं. अशा सेशनमध्ये आईवडिलांनी बाहेर थांबलेलं बरं. मागून उत्तर पुरवणारे बाबा ही माझी जुनी डोकेदुखी आहे.

पण आमचा तर दोन मिनिटंही एका जागी बसत नाही.

नका बसवू. तो पळत असेल तर मोबाइल हातात धरून त्याच्या मागे जा. मला तो कुठे जातो, कशाला हात लावतो, कशापाशी थांबतो हेच पाहायचं असतं. एका मुलीचं अर्धं सेशन वॉशिंग मशिनसमोर व्हायचं, कारण तिला तो गोल फिरणारा ड्रम आवडायचा. मग आम्ही मशीनच वापरलं. बटण दाबायच्या आधी ‘एक... दोन...’ म्हणून आई थांबायची. तिसरा आकडा मुलीने भरायचा, तोंडाने, हाताने नाहीतर नुसत्या नजरेने.

दोघांनी एकदम गाणं म्हणायला जाऊ नका. नेटवर आवाज किंचित उशिरा पोचतो आणि नुसता गोंधळ होतो. गाणं आईने म्हणायचं, शब्द मुलाने भरायचा, मी ऐकायचं.

एकीकडे स्क्रीन बंद करा सांगता आणि दुसरीकडे स्क्रीनवरच थेरपी!

बरोबर पकडलंत. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा (आयएपी) सल्ला आहे की दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन अजिबात नको, दोन ते पाच वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास. पण त्यातही अगदी लहान बाळाने व्हिडिओ कॉलवर आजी-आजोबांशी अधूनमधून बोलायला सूट आहे, कारण पलीकडे जिवंत माणूस असतो आणि तो बाळाला प्रतिसाद देतो. कार्टून देत नाही. तुमचं बाळ हसलं म्हणून कार्टून थांबत नाही. आणि वर सांगितलं तसं लहान मुलाच्या सेशनमध्ये मूल स्क्रीनकडे पाहतच नसतं. ‘शैक्षणिक’ म्हणून तासन्‌तास लावलेल्या इंग्रजी बालगीतांना मात्र थेरपी म्हणू नका. त्यातून रंगांची इंग्रजी नावं पाठ होतात, पण भूक लागली हे सांगता येत नाही, अशी मुलं मी दर महिन्याला पाहते.

‘त्याचे बाबाही उशिराच बोलले’ असं सासूबाई म्हणतात. थांबू का?

सासूबाईंचं खरंही असेल. काही मुलं उशिरा बोलतात आणि मागाहून बाकीच्यांना गाठतात. पण नुसतं वाट पाहणं आणि काम करत वाट पाहणं यात फरक आहे. दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नसेल, नावाने हाक मारली तर वळत नसेल, हवं ते बोटाने दाखवत नसेल, किंवा येत असलेले शब्द गेले असतील तर थांबू नका. शब्द जाणं हे सगळ्यात गंभीर. त्यासाठी त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा.

आणि सगळ्यात आधी कान तपासा. ‘ताट पडलं की दचकतो, म्हणजे ऐकू येतं’ हे मी इतक्या वेळा ऐकलंय! ताट पडल्याचा आवाज मोठा आणि त्यात सगळ्या पट्ट्या असतात. फक्त उंच पट्टीतलं ऐकू न येणाऱ्या मुलाला ताट ऐकू येतं, टाळी ऐकू येते, पण ‘स’ आणि ‘श’ येत नाहीत. त्याला ‘साखर’ आणि ‘आखर’ सारखेच. ही तपासणी ऑनलाइन होत नाही. ओएई किंवा बेरा या चाचण्यांना मूल प्रत्यक्ष न्यावं लागतं, बेराच्या वेळी तर झोपवावंही लागतं.

आणखी काय काय ऑनलाइन होत नाही?

गिळताना ठसका लागणाऱ्या मुलाचं खाण्यापिण्याचं काम मी पडद्यावरून करत नाही. घास श्वासनलिकेत गेला तर पलीकडून मी काय करणार? सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर होणारा परिणाम) असलेल्या मुलाचे ताठ स्नायू हाताने जोखावे लागतात, पायाला आधार देणारं स्प्लिंट मापाने बनवावं लागतं, म्हणून फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीत अधूनमधून प्रत्यक्ष भेट हवीच. फिट येत असतील तर आधी न्यूरॉलॉजिस्ट. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्रही तपासणीशिवाय मिळत नाही.

ऑटिझम, म्हणजे आपल्याकडे स्वमग्नता म्हणतात ते, व्हिडिओ पाहून मला शंका येऊ शकते, पण निदान त्या शंकेवर होत नाही. दहा मिनिटांच्या कॉलवर शिक्का मारून देणारा कुणी भेटला तर त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

मला स्वतःला एक धडा मिळाला तो आवाजाचा. व्हिडिओ कॉलची ॲप्स मागचा गोंगाट गाळतात आणि त्या गाळणीत कधी कधी ‘स’, ‘श’, ‘फ’ यांची कडही बोथट होते. एका मुलाचा ‘स’ सुधारत नाही म्हणून मी महिनाभर त्याच्या मागे लागले होते. मग त्याच्या आईने साधं व्हॉइस रेकॉर्डिंग पाठवलं तर ‘स’ स्वच्छ! तेव्हापासून उच्चारांचं काम असेल तर आवाज वेगळा रेकॉर्ड करून मागवते, आणि ॲपमधली आवाज गाळण्याची सोय बंद करायला सांगते.

गावात नेट नाही, घरात फोन एकच, तोही यांच्याकडे.

यावर माझं उत्तर साधं आहे: थेट सेशनच्या मागे लागू नका. दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा. जेवण भरवताना, खेळताना, काहीही चालेल. रात्री फोन घरी आला की पाठवा. मी पाहते, व्हॉइस मेसेजवर सांगते, आणि आठवड्यातून एकदा साध्या फोनवर बोलतो.

हे कमअस्सल वाटेल, पण पालक आणि मूल खेळतानाचा व्हिडिओ पालकांसोबत बसून पाहणं ही तपासून पाहिलेली पद्धत आहे. गोव्यातल्या ‘संगथ’ या संस्थेने आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या गटाने ऑटिझम असलेल्या मुलांच्या आईवडिलांसोबत असं काम केलं. करणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते होते. आईवडील मुलाच्या कलाने वागू लागले आणि मुलांनी स्वतःहून सुरू केलेला संवाद वाढला, हे त्यांचे निष्कर्ष २०१६ मध्ये लॅन्सेट सायकिअॅट्री या नियतकालिकात छापून आले. ते काम प्रत्यक्ष भेटीचं होतं, ऑनलाइन नव्हतं, हे विसरत नाही. मी त्यातून घेतलं ते एवढंच: आईला तिचाच व्हिडिओ दाखवायचा आणि ‘इथे तुम्ही थांबलात, बघा त्याने काय केलं’ हे ठिकाण बोटाने दाखवायचं. चूक काढायची नाही. चुका त्यांना माझ्याआधी दिसतात.

घरी मराठी, शाळेत इंग्रजी. डॉक्टर म्हणाले एकच भाषा ठेवा, म्हणून आम्ही इंग्रजी बोलायला लागलो.

परत मराठीवर या. दोन भाषांमुळे मूल बोलायला उशीर करतं याला आधार नाही, ऑटिझम असलेल्या मुलांच्या बाबतीतही नाही. तुमचं इंग्रजी कितीही चांगलं असो, लाडात येताना, रागावताना, आंघोळीला हाक मारताना जी भाषा आपसूक येते तीच मुलाला भरपूर आणि जिवंत मिळते. ‘कम बेबी, ईट’ एवढ्यावर घर चालवलं की मुलाच्या वाट्याला तीनशे शब्दांची तुटकी इंग्रजी येते आणि आजीशी बोलणं बंद होतं.

अमेरिकेतले मराठी पालकही हाच प्रश्न घेऊन येतात. तिथे वय ३ ते २१ शाळेमार्फत विशेष शिक्षण आणि थेरपी कायद्याने मोफत मिळते, ती सोडू नका. थेरपिस्टचा परवानाही तिथे राज्यागणिक लागतो, त्यामुळे माझं सेशन तिथल्या थेरपीची जागा घेत नाही. मी त्यांच्या आजीला शिकवते. आजी सहा महिने तिकडे असते, तिला वेळ असतो, आणि ती मराठीतच बोलते.

तो बोलत नाही म्हणून टॅबवरची चित्रं दाबायला शिकवलं तर कायमचा मुका राहील ना?

ही भीती सगळ्यांना असते आणि ती खरी ठरत नाही. चित्रं, खुणा किंवा बोलणारं ॲप वापरल्याने बोलणं मागे पडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. बऱ्याच मुलांचं बोलणं थोडं वाढतंच. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेलं ‘जेलो’ हे ॲप मोफत आहे आणि त्यात मराठी आहे. फोन नसेल तर पुठ्ठ्यावर चिकटवलेली चित्रंही तेच काम करतात.

पहिलं चित्र कुठलं द्यायचं? पालक म्हणतात ‘शू’, नाहीतर ‘आई’. मी म्हणते ‘नको’. ज्याला नको म्हणता येत नाही तो चावतो, ढकलतो, डोकं आपटतो. नको हे चित्र दिलं आणि ते दाबल्यावर खरंच आपण थांबलो, तर चावणं बऱ्याचदा कमी होतं. अट एवढीच की दाबल्यावर थांबायचं. माझं सेशनही एका मुलाने ‘नको’ दाबून बंद पाडलंय, आणि मी निमूट कॉल कापलाय.

ऑनलाइन वर्गात अंध किंवा कर्णबधिर मूल कसं शिकेल?

शिक्षकाने थोडी सवय बदलली तर शिकतं. ‘हे इथे बघा, हे याच्यात मिळवा’ असं म्हणणारा शिक्षक अंध मुलाला वर्गाबाहेर काढतो. ‘पाचात तीन मिळवा’ म्हटलं की तो आत येतो. अँड्रॉइड फोनमध्ये स्क्रीन वाचून दाखवणारं टॉकबॅक असतंच, संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन वाचणारा प्रोग्राम मोफत आहे, आणि छापील पुस्तक वाचता न येणाऱ्यांसाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून आहे. शिक्षकांना विनंती: धड्याचा फोटो पाठवू नका. स्क्रीन वाचणाऱ्या प्रोग्रामला फोटोतलं वाचणं अवघड जातं. टाइप करून पाठवा.

कर्णबधिर मुलासाठी शिक्षकाचा चेहरा उजेडात हवा. मागे खिडकी असेल तर तोंड काळं दिसतं आणि ओठ वाचता येत नाहीत. खुणांच्या भाषेतून समजावणारी व्यक्ती असेल तर तिची चौकट मोठी करून ठेवा. सरकारच्या दीक्षा ॲपवर भारतीय सांकेतिक भाषेतले व्हिडिओ आहेत, ते नक्की पाहा.

वाचन-लेखनाची अक्षमता असलेल्या मुलांचं काम ऑनलाइन छान होतं. किंबहुना वही तपासणाऱ्या बाईंची सावली अंगावर पडत नाही म्हणून ती मोकळी होतात.

मग शाळा सोडून घरीच ऑनलाइन शिकवलं तर?

मुलाला शाळेतून काढून घेऊ नका. रांगेत उभं राहणं, डबा वाटून खाणं, कुणीतरी ढकलल्यावर काय करायचं, हे पडद्यावर शिकवता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत, त्यात ऑटिझम आणि अध्ययन अक्षमताही आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयात जवळच्या शाळेत किंवा पालकांना हव्या त्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ‘आमच्याकडे असली मुलं घेत नाही’ हे उत्तर लेखी मागा, सूर लगेच बदलतो. शाळा अगदीच झेपत नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था (एनआयओएस) हा रस्ता आहे.

समोरची व्यक्ती खरंच शिकलेली आहे हे कसं कळणार?

स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) नोंद असते. नोंदणी क्रमांक विचारा. विचारल्यावर ज्याला राग येतो त्याच्याकडे जाऊ नका. फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टची नोंद राज्याच्या परिषदेकडे असते.

‘तीन महिन्यांत बोलायला लावतो, पैसे आगाऊ’ या जाहिरातीपासून लांब राहा. एका आईने दागिने मोडून असे पैसे भरले, बदल्यात तिला आठवड्याला एक वर्कशीटची पीडीएफ मिळाली. ऑटिझमसाठी स्टेम सेलचे (मूळ पेशींचे) उपचार विकणारेही आहेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमूल्य मंडळाने २०२२ मध्येच त्याची शिफारस करू नये असं सांगितलं आहे.

खर्च फार आहे. काही मदत मिळते का?

आधी जिल्हा रुग्णालयात जा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तिथे डीईआयसी हे मुलांमधल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र असतं, जन्मापासून १८ वर्षांपर्यंत तपासणी आणि थेरपी मोफत. गर्दी असते, तारीख लांबची मिळते, तरी नाव लावून ठेवा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेचा ‘निरामय’ आरोग्य विमा आहे, वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत, त्यात थेरपीचा खर्चही बसतो. ऑनलाइन सेशनची पावती चालेल का हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून ठेवा, पुढे सगळीकडे तेच मागतात. जुन्या करप्रणालीत पालकांना आयकरात ७५ हजार, तीव्र दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाखाची वजावट मिळते.

आमचे व्हिडिओ कुठे जातात?

विचारायलाच हवा असा प्रश्न. माझ्याकडे लेखी संमतीशिवाय रेकॉर्डिंग होत नाही, आणि अंघोळीचे, कपडे बदलतानाचे व्हिडिओ आले तर मी ते न ठेवता कपड्यांसकट पुन्हा मागवते. कुणाच्या ‘यशोगाथे’त तुमच्या मुलाचा चेहरा जाणार असेल तर नाही म्हणा. फी कमी करतो म्हणाले तरीही.

म्हणजे सगळं मीच करायचं? स्वयंपाक, नोकरी आणि आता थेरपीही?

ऑनलाइन थेरपीतली ही खरी अडचण आहे, आणि आम्ही थेरपिस्ट ती सोयीस्करपणे झाकतो. केंद्रात मूल आत गेलं की आईला बाकावर पाऊण तास तरी टेकायला मिळायचं. आता तोही गेला. आमच्या क्षेत्रात ‘पालक’ म्हणतात, पण कॅमेऱ्यासमोर दहातल्या नऊ वेळा आईच असते.

म्हणून मी वेगळा तास मागत नाही. रोज होणारी दोनच कामं निवडा. चप्पल घालणं आणि दूध पिणं, बस. तेवढ्यातच थांबायचं, वाट पाहायची. रविवारचं सेशन मी बाबांशीच घेते, आणि ‘मला जमत नाही’ हे उत्तर ऐकून घेत नाही. जमत तर पहिल्यांदा कुणालाच नसतं. आणि ज्या दिवशी ताकद नसेल त्या दिवशी मेसेज टाका, ‘आज नको’. मी कारण विचारत नाही.

पहिल्या सेशनला काय तयारी ठेवू?

मुलाचं पोट भरलेलं, झोप झालेली. फोन चार्ज केलेला, खिडकी त्याच्या पाठीमागे नको. नवी खेळणी आणू नका. त्याची आवडती एक वस्तू, झाकण घट्ट बसणारा एक पारदर्शक डबा आणि थोडे चुरमुरे. टीव्ही बंद. कुकर शक्यतो सेशननंतर लावा, शिट्टी झाली की आपलं तिघांचंही लक्ष उडतं.